गडावरील पंगत

प्रवासाला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न कोणता, यावरून त्याच्या काळाची ओळख पटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गडावर जाऊ इच्छिणारा मनुष्य, "तेथे पाणी आहे काय?" असे विचारीत असे. त्याच्या मागची पिढी, "तेथे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारू लागली. आज सांगली-साताऱ्याकडील सुशिक्षित कुटुंबात रविवारचा बेत ठरत असता प्रथम निघतो तो प्रश्न असा की, "तेथे खायला काय मिळते?" हे ऐकून वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. परंतु त्यात एवढे रागावण्यासारखे काही नाही. मनुष्य इतिहास पाहावयास निघाला तरी पोट घरी ठेवून येत नाही. विचार करण्यासारखा प्रश्न थोडा पुढचा आहे. एखाद्या प्रख्यात स्थळाच्या आत बसून आपण जेवतो तेव्हा तेथे आपण कोण असतो, गिऱ्हाईक की पाहुणे? आणि पानावर वाढणारा तो कोण असतो?

ही रीत काही आपल्याकडेच निघाली असे नाही. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला, तेव्हाच त्याच्या पहिल्या मजल्यावर चार उपाहारगृहे थाटलेली होती. मोपासाँ हा फ्रेंच कथालेखक त्या मनोऱ्याचा कट्टर द्वेष्टा. तरी तो जेवावयास म्हणून तेथेच जाई, कारण साऱ्या पॅरिसात मनोरा दृष्टीस न पडणारी तेवढी एकच जागा आहे असे तो म्हणे, अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडेही बुरुजाकडे पाठ करून भज्यांची वाट पाहत बसलेली मंडळी दिसतात. त्यांचा मात्र बुरुजावर काही राग नसतो. लंडनमध्ये तर याच्याही वीस वर्षे आधी दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात फराळाच्या खोल्या निघाल्या. या संग्रहालयाला पुढे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम हे नाव मिळाले. संग्रहालयाच्या पोटात उपाहारगृह असण्याचा जगातील तो पहिलाच प्रयोग समजतात. तेथील चालक हेन्री कोल याने कामकरी लोकांना संध्याकाळी येता यावे म्हणून संग्रहालयात गॅसचे दिवेही लावविले होते. दिवसभर राबलेल्या माणसाला कलाकृती दाखवावयाच्या तर त्याच्या भुकेची सोय पाहिली पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्या गृहस्थापाशी होते.

आपल्याकडे मात्र घराबाहेर जेवणे हा दीर्घकाळ धर्माचा प्रश्न होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी तो चहा प्याले, कोणी नुसता पेल्याला हात लावला. आणि तेवढ्यावरून प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. एका पेला चहाची ही कथा, मग गडावरच्या अनोळखी चुलीवरील भाकरीची काय असेल? म्हणून लोक शिदोरी बांधून निघत. दशम्या, दहीभात, लोणच्याची फोड आणि तांब्या एवढे बरोबर असले की सारा सह्याद्री पालथा घालावयास ते मोकळे. या शिदोरीचे गोडवे फार गायिले जातात. ती चवदार होती यात शंका नाही. पण दुसऱ्याच्या हातचे खावे लागू नये हाही तिचा एक हेतू होता, हे विसरून चालणार नाही.

वास्तविक गड आणि अन्न यांचे नाते फार जुने. गड म्हटला की डोळ्यांपुढे तोफ, बुरूज आणि तलवार येते. पण गडाचा जीव असतो तो धान्याच्या कोठारात आणि पाण्याच्या टाक्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आधी पाण्याची खात्री करावी आणि मग किल्ला बांधावयास घ्यावा, असा स्पष्ट दंडक घालून दिला आहे. सांगलीकरांना सुट्टीच्या दिवशी जवळचा वाटणारा पन्हाळा घ्या. तेथील अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली तीन प्रचंड कोठारे आहेत. एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य राहत असे म्हणतात. १६६० साली सिद्दी जौहरने मार्चपासून जुलैपर्यंत वेढा घातला, तरी आतले लोक तग धरून होते, ते काही केवळ शौर्याच्या बळावर नव्हे. धान्याच्या कोठ्यांना नद्यांची नावे ठेवणाऱ्या माणसांना गडाचे मर्म पुरते कळले होते. आज त्याच पन्हाळ्यावर नगरपालिका आहे, हॉटेले आहेत, आणि रविवारी दुपारी झुणका, भाकरी, खर्डा व दही यांच्यापुढे मोटारीने आलेली कुटुंबे बसलेली असतात. त्यांपैकी किती अंबरखाना पाहून परततात, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ठेवू नये हेच बरे.

गडावर विकत घेऊन खाणे हेही नवे नाही. रायगडावर बाजारपेठ होती. तिचे चौथरे अद्याप उभे आहेत. दूध घालावयास गडावर गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरच्या तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेली, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. तिचे मातृप्रेम सर्वांच्या लक्षात राहते. ती गडावर माल विकावयास गेलेली एक गरीब बाई होती, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता सांगलीच्या गावभागातील एका घरची हकीगत. घरातील आजोबांना पंच्याहत्तरावे वर्ष लागले. मुलगा बँकेत नोकरीस. त्याने वडिलांच्या वाढदिवसाचे जेवण एका मोठ्या हॉटेलात द्यावयाचे योजिले होते. आजोबा म्हणाले, "जेवण द्यायचंच असेल तर गडावर दे. हॉटेलात जेवायला माणसाला पंच्याहत्तर वर्षं जगावं लागत नाही." मुलाच्या मनात प्रतापगड होता, कारण त्याच्या कचेरीतील मित्र नुकतेच तेथे जाऊन आले होते. आजोबांच्या मनात सज्जनगड होता. लहानपणी ते आईचा हात धरून परळीच्या बाजूने साऱ्या पायऱ्या चढून गेले होते आणि तेथे पंगतीला बसले होते. अखेर सूनबाईंनी तोड काढली, की शनिवारी प्रतापगड करावा, रात्री साताऱ्यास मुक्काम करावा आणि रविवारी दुपारी सज्जनगडावर जेवावे. सातवीतील नातीला दोन्ही सारखेच होते. तिला फक्त शाळेतील निबंधासाठी काहीतरी हवे होते.

प्रतापगडाची माहिती सातारा जिल्ह्यातील श्रोत्यांना सांगावयास नको. मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली १६५६ ते १६५८ या काळात तो बांधला गेला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते गडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत प्रतापगड आहे. एवढा हा नामांकित गड. त्याच्या आत खाण्यापिण्याची लहान लहान दुकाने आहेत. पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, एक चूल, आणि चुलीपुढे भाकरी थापणारी बाई; हेच तेथील उपाहारगृह. चारी जण बाकड्यावर बसले. पिठले, भाकरी, ठेचा, चिरलेला कांदा आणि ताक आले. आजोबांनी पहिला घास घेताच मान हलविली. भाकरी परातीतून तव्यावर, तव्यावरून निखाऱ्यावर आणि निखाऱ्यावरून थेट ताटात येत होती. या प्रवासात एका क्षणाचाही विलंब झाला तर चवीत फरक पडतो, हे घरी गॅसवर स्वयंपाक करणाऱ्यांना सांगून कळणार नाही.

पैसे देण्याची वेळ आली तेव्हा मुलाने स्वाभाविकपणे तक्रार केली. "मावशी, खाली महाबळेश्वरच्या वाटेवर याच्यापेक्षा स्वस्त मिळतं."

मावशीने तव्यावरची भाकरी उलटली आणि वर न पाहता ती म्हणाली, "मिळंल की दादा. पर तिथं पिठाचं पोतं मोटारीतनं येतं. हितं पायऱ्यांनी डोक्यावरनं येतं. त्या डोक्याचा दर म्या अजून लावलाच न्हाई."

सूनबाई हसल्या. मुलानेही हसून पैसे दिले. पुढे बोलता बोलता कळले की आषाढात गडावर धुके आणि पाऊस यांखेरीज दुसरे गिऱ्हाईक नसते. तेवढे दिवस दुकान झाकून ठेवावे लागते. उन्हाळ्यात गर्दी पुष्कळ, पण तेव्हा पाण्याची काळजी. नात तोवर तटापाशी उभी होती. खालच्या झुडपांत अडकलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ती मोजीत होती. चाळिसापर्यंत मोजून तिने नाद सोडला. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या बऱ्याचशा वस्तूंवर २०१८ सालापासून बंदी आहे, हे तिने शाळेत पाठ केले होते. त्या बाटल्या भाकरी विकणाऱ्या बाईने टाकलेल्या नव्हत्या, एवढे तिचे तिलाच समजले.

येथे एक आठवण देणे अगत्याचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील पंचवीस किल्ले हॉटेले काढण्यासाठी भाडेपट्ट्याने देण्याचा सरकारचा विचार आहे, असे वृत्त प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. शिवछत्रपतींशी आणि स्वराज्याच्या इतिहासाशी निगडित असलेल्या कोणत्याही किल्ल्याला हात लावला जाणार नाही, असा खुलासा सरकारला तातडीने करावा लागला. त्या योजनेच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे होते. राजस्थानात नीमराण्याचा पडीक किल्ला हॉटेल होऊनच वाचला. आपल्या शेजारी गोव्याच्या सरहद्दीवरील तेरेखोलच्या किल्ल्यातही हॉटेल झाले. ज्या भिंतींवर झाडे उगवली आहेत त्या भिंती कोणाच्या तरी पैशाने उभ्या राहत असतील तर त्यात वाईट काय, असे विचारणारा मनुष्य देशद्रोही ठरत नाही. पण गदारोळ करणाऱ्यांना, नेमके शब्द न सापडताही, एक गोष्ट जाणवली होती. हॉटेल झाले म्हणजे दरवाजावर पहारेकरी येतो, आणि आत कोणी जावे हे तो पहारेकरी ठरवितो. पूर्वी दरवाजा शत्रूसाठी बंद होत असे. आता तो खिशात पैसे नसलेल्या मराठी माणसासाठी बंद व्हावयाचा. आणि त्या दरवाजातून प्रथम बाहेर पडावयाची ती ही चुलीपुढची मावशी. ज्या गडावर एकही चूल पेटत नाही तो ओस पडला असे समजावे. म्हणून तिची चूल ही गडावरची अडगळ मानणे हा आमच्या सुशिक्षितांचा शुद्ध आळशीपणा आहे. तिला पाणी द्यावे, कचरा उचलण्याची व्यवस्था द्यावी, नीटनेटके छप्पर द्यावे, आणि तिच्याकडून स्वच्छता कडकपणे मागावी. यासाठी भाडेपट्टा लागत नाही.

त्या रात्री सर्व मंडळी साताऱ्यास उतरली आणि जेवावयास राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर गेली. शहराच्या ऐन मध्यभागी छत्रपतींचा जुना वाडा, आणि त्याच्यासमोर संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांची रांग. जेवता जेवता आजोबांनी नातीला त्या वाड्याची निराळीच हकीगत सांगितली. या वाड्यात शाळा भरत असे. आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाचा एक मुलगा दाखल झाला. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, हे नातीला ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते पुढचे. १९०१ साली तो मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून निघाला. वडील गोरेगावला नोकरीवर होते, त्यांना भेटावयाचे होते. मसूर स्टेशनपर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी. मुलांच्या बरोबर घरून करून दिलेले भरपूर खाणे होते. पण ती महार जातीची, म्हणून वाटेत त्यांना पिण्याचे पाणी कोणी दिले नाही. आणि पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरल्या डब्यानिशी ती मुले रात्री उपाशीच निजली. बाबासाहेबांनी मोठेपणी ही हकीगत स्वतः लिहून ठेवली आहे.

नातीने हातातील ताटली खाली ठेवली. "म्हणजे जेवण होतं, पण पाणी नव्हतं?"

"होतं. पाणी होतं," आजोबा म्हणाले. "द्यायला कोणी तयार नव्हतं."

चौपाटीवरच्या त्या गर्दीत कोण कोणाच्या शेजारी उभे राहून खात होते हे कोणी कोणाला विचारीत नव्हते. पैशाच्या व्यवहाराला आपण पुष्कळ नावे ठेवतो. तथापि विकत मिळणाऱ्या अन्नाने हे एक काम केले, हे मान्य केले पाहिजे. अर्थात तेही सहजासहजी झाले नाही. अमुक जातीची खानावळ, तमुक जातीचे उपाहारगृह अशा पाट्या महाराष्ट्रातील शहरांत कित्येक वर्षे लटकत होत्या.

रविवारी सकाळी मंडळी सज्जनगडाकडे निघाली. साताऱ्यापासून हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. मोटारीचा रस्ता आता बराच वरपर्यंत गेला असल्यामुळे शेवटच्या दोनएकशे पायऱ्या तेवढ्या चढावयाच्या राहतात. आजोबांना त्याही भारी झाल्या. दर वीस पायऱ्यांवर ते थांबत आणि थांबण्याचे कारण म्हणून खालचे पाणी दाखवीत. ते पाणी उरमोडीच्या धरणाचे. समर्थांच्या काळी धरण नव्हते, नदी होती. आणि कल्याणस्वामी तिचे पाणी हंडे भरभरून गडावर आणीत अशी परंपरागत हकीगत आहे. ते हंडे गडावरील मठात आजही दाखवितात. हंडा पाहून नातीने तो उचलून पाहता येईल का असे विचारले. तेथील सेवेकऱ्याने हसून नाही म्हटले. रिकामा हंडादेखील तिला उचलला नसता.

हा गड मूळचा परळीचा किल्ला. १६७३ साली तो स्वराज्यात आला; १६७६ पासून समर्थ रामदास येथे राहिले; आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे इ. स. १६८२ मध्ये, येथेच त्यांनी देह ठेवला. १७०० साली मोगलांनी तो घेतला, पुढे मराठ्यांनी परत मिळविला, १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला. राज्ये अशी आली आणि गेली. दुपारच्या नैवेद्यानंतर पंगत मांडण्याची गडावरील रीत मात्र चालूच आहे. आज समर्थांचे संस्थान आणि श्रीधरस्वामींच्या प्रेरणेने निघालेले समर्थ सेवा मंडळ यांच्याकडून गडावर येणाऱ्यांच्या भोजनाची व राहण्याची व्यवस्था केली जाते, आणि तिच्यासाठी मोल घेतले जात नाही.

मंडळी पोहोचली तेव्हा पहिली पंगत बसत होती. लांबलचक ओळींत माणसे जमिनीवर बसली. एका बाजूला परगावचा एक शेतकरी आणि त्याची म्हातारी आई, दुसऱ्या बाजूला महाविद्यालयातील चार मुले, समोर कोणी वकील की डॉक्टर असावेत असे गृहस्थ. कोणी कोणाचे नाव विचारले नाही, आडनावही विचारले नाही. आमटी, भात, आणि या गडाची ओळख झालेली गव्हाची गुळाची खीर. घराघरांतून म्हटला जाणारा जेवणाआधीचा श्लोक सर्वांनी म्हटला. महाविद्यालयातील मुलांनाही तो येत होता, पण मध्येच कोठे अडखळले की ती एकमेकांकडे पाहून ओठ हलवीत. 'जय जय रघुवीर समर्थ' असा गजर झाला आणि हात पानाकडे वळले.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. खीर त्यांनी दोनदा मागून घेतली, हे सूनबाईंनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. घरी त्यांना गोड वर्ज्य होते.

नात जेवता जेवता इकडेतिकडे पाहत होती. शेवटी तिने विचारले, "आजोबा, पैसे कुणाला द्यायचे?"

"कुणालाच नाही."

"असं कसं? मग हे गहू कुणी आणले?"

"तुझ्या घरचेही असतील त्यात," आजोबा म्हणाले. "समर्थांच्या पादुका गावोगाव फिरतात. भिक्षेला आले की लोक सुपात गहू-तांदूळ घालतात. तुझी आजी घालत होती, तुझी आई घालते. त्या मुठी इथं येतात."

नातीने पानातील खिरीकडे पाहिले. आपल्याच घरचा गहू कृष्णाकाठाहून या डोंगरावर चढून पुन्हा आपल्याच पानात आला असेल, ही कल्पना तिला एखाद्या जादूसारखी वाटली असावी. दासबोधात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. देणाऱ्याने कितीही पुढे केले तरी थोडेच घ्यावे, आणि भिक्षेच्या निमित्ताने दारोदार जाऊन माणसे पारखावीत, असा दासबोधाचा उपदेश आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एका घरावर भार न टाकता हजारो घरे एका चुलीशी जोडण्याची ही युक्ती. प्रारंभी जो प्रश्न निघाला, की गडावर जेवणारा पाहुणा कोणाचा, त्याचे उत्तर या चुलीपाशी थोडे चमत्कारिक मिळते. येथे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे जेवणाऱ्याला नक्की सांगताच येत नाही.

म्हणून प्रत्येक स्थळी फुकट जेवण असावे असे नाही. तसे झाले तर प्रतापगडावरील मावशीने काय करावे? आणि जे विनामूल्य मिळते त्याची किंमत न ओळखणारेही पुष्कळ असतात. सुट्टीच्या दिवशी गडावर येऊन समाधीचे दर्शनही न घेता थेट पंगतीत बसणारे, पानात ढीग वाढून घेऊन अर्धा टाकणारे, आणि वर मीठ कमी होते म्हणून सांगणारे महाभाग सज्जनगडालाही चुकलेले नाहीत. शिवाय पंगत या शब्दाशी पंक्तिभेदाचा इतिहास चिकटलेला आहे. एकाच देवाच्या प्रसादासाठी निराळ्या ओळी, निराळी भांडी, आणि काहींना तर उंबऱ्याबाहेरची जागा, हे महाराष्ट्रातील कितीतरी देवस्थानांतून शतकानुशतके चालले. आज एका ओळीत सर्व बसतात याचे श्रेय केवळ परंपरेला देता येणार नाही. ज्यांना त्या ओळीबाहेर ठेवले होते, त्यांनी ते मिळविले आहे.

जेवण आटोपून मंडळी हात धुवावयास उठली. मुलाने देणगीची जागा विचारली. सेवेकरी म्हणाला, "पावती त्या खिडकीत फाडतात. पण आपल्या जेवणाशी तिचा संबंध नाही. आपली इच्छा." मुलगा पाकीट हातात धरून क्षणभर घुटमळला. आदल्या दिवशी भाकरीच्या दरावरून त्याने वाद घातला होता; आज दरच नव्हता, त्यामुळे किती द्यावे हे त्याला ठरविता येईना. त्याने खिडकीत काय दिले ते सूनबाईंनाही कळले नाही.

तेवढ्यात दुसरी पंगत बसली. एका गावाहून दोन गाड्या भरून माणसे आली होती आणि वाढपी कमी पडत होते. "कोणी वाढायला येतं का?" असे त्याच सेवेकऱ्याने मोठ्याने विचारले. मुलाने बाह्या वर केल्या आणि आमटीची बादली घेतली. सूनबाईंनी भाताचे पातेले धरले. आजोबांनी मिठाचे भांडे मागून घेतले. तेवढेच त्यांच्या हातांना झेपण्यासारखे होते. नातीच्या हातात पाण्याचे भांडे आले. ते जड होते, म्हणून तिने दोन्ही हातांनी धरले, आणि "पाणी हवंय का, पाणी?" असे प्रत्येकाला विचारीत ती ओळीच्या शेवटच्या माणसापर्यंत गेली.